फाटकात वाळत घातलेलं भात

त्या प्रकरणाची फाईल केव्हाच बंद झाली. ठाण्याच्या दप्तरात कुठेतरी तळाला गेली असेल. पण भाताची झोडणी संपली आणि रस्त्याच्या कडेला भात वाळताना दिसलं, की ते सगळं मला पुन्हा पहिल्यापासून आठवतं.

मी मूळचा यवतमाळकडचा. नववीत शाळा सुटली. त्या काळी शिपाई भरतीला तेवढं शिक्षण चालत होतं, म्हणून अंगावर वर्दी चढली आणि घरापासून इतक्या लांब, ठाणे जिल्ह्याच्या या टोकाला आलो. नोकरीची शेवटची वर्षं शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेली. निवृत्त झालो तेव्हा सहायक फौजदार होतो. शिक्षण कमी असलं की माणूस कागदाला भितो. सही करण्याआधी प्रत्येक कागद तीनदा वाचायचा, ही माझी सवय. सहकारी हसायचे. "फौजदार, पेपर नाय सोडवायचा, सही करायचीय," म्हणायचे. मी हसून घ्यायचो आणि तिसऱ्यांदा वाचायचो.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक चारित्र्य पडताळणीचा अर्ज पडलेला होता. धसईकडच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीतला तरुण, वय तिशीच्या आसपास, आयटीआय झालेला वेल्डर. इतकी वर्षं औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम केलेलं. आता मुंबईच्या एका सरकारी कारखान्यात कायम नोकरीसाठी निवड झाली होती. आमच्याकडून एवढंच कळवायचं होतं, की याच्यावर गुन्हा दाखल आहे किंवा नाही. मुदतीचे सहा दिवस उरले होते. काम सोपं म्हणून मी तो अर्ज पेपरवेटखाली ठेवला.

त्याच दुपारी रुग्णालयातून कळवलं गेलं, की एक सत्तरीचा शेतकरी दाखल झालाय, मांडीचं हाड मोडलंय. सोबत आलेल्या पुतण्याने सांगितलं, की म्हातारा बैलजोडी घेऊन शहापूर-मुरबाड रस्त्याने घरी चालला होता. एका फार्महाऊसजवळ लाल गाडी मोठा आवाज करत अंगावर आली. बैल उधळले. कासरा म्हाताऱ्याच्या हाताला गुंडाळलेला, त्यामुळे तो पन्नास पावलं फरफटत गेला. एक बैल रस्त्याखालच्या मोरीत पडून जागीच गेला. मोडक्या मांडीने म्हाताऱ्याची पुढची शेती कशी होणार, हा प्रश्न वेगळाच.

फिर्याद घेतली. निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत, असा गुन्हा लाल गाडीच्या चालकावर नोंदवला. चालकाचं नाव तेव्हा माहीत नव्हतं. तपास माझ्याकडे आला.

गाडी शोधायला कुठे जायचं कारणच नव्हतं. त्या भागात लाल गाडी एकच. फार्महाऊसचा मालक मुंबईचा, चाळिशीतला, कारखानदार. ही गाडी तो रस्त्यावर चालवतच नसे. रेसच्या ट्रॅकवर चालवायला ती घेतलेली. ट्रॅकवर न्यायची असली की ट्रक यायचा, गाडी त्यावर चढायची. एरवी फार्महाऊसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली. इतकी बुटकी, की आतला माणूस बसलाय की झोपलाय ते बाहेरून कळू नये.

शेजारच्या, म्हाताऱ्याच्याच पाड्यावर जाऊन पाच जणांचे जबाब घेतले. पोलीस पाटलाच्या ओसरीवर सगळे आधीच जमलेले होते. पहिला म्हणाला, "लाल बुटकी गाडी, भरधाव आली, धूळ उडवीत मुरबाडच्या अंगाला गेली." दुसरा तेच म्हणाला. तिसराही. पाचव्याने सुरुवात केली तेव्हा पुढचा शब्द मी मनात आधीच म्हणत होतो. माणसं खोटं बोलताना अडखळतात, हा माझा अनुभव. पण इथे कुणी अडखळत नव्हतं. पाच माणसं पाच वेगळ्या बांधांवर कापणी करत होती आणि सगळ्यांना धूळ उडताना दिसली होती. रस्ता डांबरी होता.

मालकाला फोन केला. तो त्या दुपारी मुंबईत होता, कारखान्यात मीटिंग चालू होती, साक्षीदार वीस. मग गाडी कुणी चालवली?

याचं उत्तर टपरीवाल्याने दिलं. फार्महाऊसपासून थोड्या अंतरावर त्याची भजी-चहाची टपरी. आमचा खबऱ्या म्हणता येणार नाही, पण त्याला न विचारता सगळं सांगायची हौस होती.

"साहेब, शेठ नव्हता, पण वेल्डर व्हता ना," तो म्हणाला. "शेठनं गाडीला नवीन सायलेन्सर मागवलाय परदेशातून. वाघासारखा आवाज देतो म्हनं. तो बसवायला धसईकडचा पोरगा आलेला. त्याची मोटारसायकल दुपारभर रस्त्यावर उभी, फाटकाच्या बाहेर."

"बाहेर का? आत एवढी जागा आहे."

"ते त्यालाच इचारा. गॅसचं नळकांडं खांद्यावर घेऊन आत गेला, येडा."

त्याने वेल्डरचं नाव सांगितलं. मी ठाण्यात आलो, पेपरवेट उचललं. तेच नाव.

मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. ते वाईट नव्हते, पण त्यांच्या डोक्यावर पन्नास प्रकरणं. "सरळ आहे," ते म्हणाले. "मालक नाही बघून पोरानं चक्कर मारली. आरोपी म्हणून नाव घ्या, नोटीस द्या, आणि पडताळणीत गुन्हा दाखल असल्याचं कळवा."

"साहेब, चार दिवस द्या."

"कशाला?"

मला नीट सांगता आलं नाही. खरं कारण जुनं होतं. माझ्या भरतीच्या वेळी आमच्या गावात माझ्याच नावाच्या चुलतभावावर मारामारीची नोंद होती. कागदावर ती माझीच दिसत होती. पडताळणीला आलेला हवालदार दुपारच्या उन्हात दोन कोस चालत शेतावर आला. मला नांगरापाशी उभं करून त्याने बापाचं नाव, आज्याचं नाव, गावच्या पंचाला विचारून घेतलं. मग अर्जावर लिहिलं, "प्रतिकूल काही नाही." पाणी पिऊन निघून गेला. मी त्याला नंतर कधी पाहिलं नाही. माझी भाकरी त्या तीन शब्दांवर चालली. आणि आता तसाच कागद माझ्या हाताखाली होता.

साहेब म्हणाले, "चार दिवस. जास्त नाही."

वेल्डरला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याला वाटलं, पडताळणीसाठीच बोलावलंय. सोबत शाळेचे दाखलेही आणले होते. मी गाडीचं नाव काढलं तसे त्याने ते दाखले आवरून घेतले.

"पाईप जोडला?"

"हो साहेब. आर्गॉन गॅसचा टाका मारला आणि आलो."

"गाडी सुरू केली?"

"नाय."

"बाहेर काढली?"

"नाय साहेब. चावी शेडमधेच व्हती, पण मी हात लावला नाय."

"मोटारसायकल बाहेर का लावलीस?"

तो गप्प. मी पुन्हा विचारलं.

"लावली अशीच."

"वीस-पंचवीस किलोचं नळकांडं खांद्यावरून नेलंस, असंच?"

तो जमिनीकडे बघत राहिला. मारहाण मी कधी केली नाही. धाडसही नव्हतं आणि उपयोगही दिसला नव्हता. गप्प बसलेल्या माणसासमोर आपणही गप्प बसायचं, हे माझं एकच हत्यार. त्या दिवशी तेही चाललं नाही. तास गेला, चहा गार झाला. जाताना त्याने फक्त एवढं विचारलं, "साहेब, माझ्या अर्जाचं काय?"

दुसऱ्या दिवशी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक आणि दोन पंच घेऊन फार्महाऊसवर गेलो. फाटकातून शेडपर्यंत रुंद सिमेंटचा रस्ता. फाटकाच्या आतल्या बाजूला नारळाएवढे आठ-दहा दगड एका कडेला रचून ठेवलेले. सिमेंटच्या फटीत भाताचे दाणे होते, चिमण्या टिपत होत्या. वॉचमनची बायको तिथे झाडत होती. तिचं कुटुंब फाटकाजवळच्या खोलीत राहायचं.

"हे दाणे?" मी सहज विचारलं.

"कोंबड्यांना टाकते," ती म्हणाली आणि झाडत राहिली.

"त्या दुपारी कुठे होतीस?"

"मागे. भांडी घाशीत व्हते. मला काय म्हाईत नाय."

मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेलो. आमच्या गावाकडे कापूस पिकतो. भाताचा दाणा बघून जे कळायला हवं होतं, ते मला कळलं नाही.

गाडीचा पंचनामा झाला. किलोमीटरच्या आकड्यावरून काही सिद्ध होईना, कारण आधीचा आकडा कुणी लिहून ठेवलेला नव्हता. निरीक्षक गाडीखाली आडवे झाले. मीही वाकलो. नवा पाईप आरशासारखा चमकत होता. फक्त इंजिनाकडच्या टोकाला वीतभर भागावर फिकट सोनेरी झाक होती.

ती झाक माझ्या ओळखीची होती. इतकी वर्षं पोलीस लाईनीत एकट्याने स्वयंपाक केलेला. नवं स्टीलचं पातेलं गॅसवर रिकामं राहिलं, की आधी असंच सोनेरी होतं. तसंच विसरलं, तर निळं-जांभळं पडतं आणि मग घासून जात नाही. माझी दोन पातेली तशीच होती.

निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "बरोबर. गाडी सुरू झालेली आहे, पण थोडा वेळ. जोरात पळवली असती तर पाईप पुढपर्यंत निळा पडला असता. अर्थात हा माझा अंदाज. कोर्टात वकील म्हणेल, एक किलोमीटरला कुठे निळा पडतो."

म्हणजे पोरगा खोटं बोलला होता.

त्याला पुन्हा बोलावलं आणि पातेल्याची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता. स्टील त्याचं रोजचं काम, त्यामुळे नाकारायला जागा नव्हती.

"सुरू केली साहेब," तो म्हणाला. "शेठचा व्हिडिओ फोन आला. बोलले, आवाज ऐकव. मी सुरू केली. बोलले, दाब. दाबला. अजून दाब, अजून. शेडच्या पत्र्याला कंप सुटला. पण गाडी तिथून तसूभर हलली नाय. आईशपथ."

"मग काल नाही का म्हणालास?"

"शेठ बोलले, माझं नाव नको घेऊस, मी तुला सांभाळून घेईन."

शेठला फोन लावला. आधी म्हणाले, फोन केलाच नव्हता. मी म्हणालो, फोन कंपनीकडून नोंद मागवतो. मग म्हणाले, "केला होता, काका. सात-आठ मिनिटं."

"एवढा आवाज कशाला लागतो हो?"

"ट्रॅकवर हेल्मेटमध्ये मीटरच्या काट्याकडे बघायला वेळ नसतो. आवाजावरून कळतं गिअर कधी बदलायचा. ही गाडी रस्त्यासाठी नाहीच. तिथे कुणाला त्रास होत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हातारेबाबा कसे आहेत?" तो प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला.

मी साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे गाडी सुरू केल्याचं कबूल. बाहेर नेली नाही, हे फक्त तोच म्हणतो. समोर पाच साक्षीदार आहेत. एकदा खोटं बोललेल्या माणसावर कोर्ट का विश्वास ठेवेल? परवा नाव घ्या."

जेवणात मन लागेना. एक दिवस उरला होता.

दुसऱ्या दिवशी धसईला बाजार. बंदोबस्ताला मला पाठवलं. बाजाराच्या टोकाला समाजमंदिराच्या सिमेंटच्या अंगणात भात वाळत घातलेलं. एक बाई पायाने रेषा ओढत ते वरखाली करत होती. एक टेम्पो मागे घेताना तिकडे वळला तशी ती ओरडली, "ए, दगड दिसत नाय काय रे? डोळं हायत का बटनं?"

भाताच्या चारी बाजूंनी दगड मांडले होते, नारळाएवढे. टेम्पोवाला मुकाट्याने लांब गेला.

मी तिला विचारलं, "हे दिवसभर असंच पसरलेलं असतं?"

"मग? ऊन हाय तवर. उचलायचं म्हनजे अर्धा पाऊन तास. सारखं कोन उचलतं?"

बंदोबस्त सोबतच्या हवालदाराकडे सोपवून, वायरलेसवर कळवून मी निघालो. फाटकाच्या आतले ते दगड, फटीतले ते दाणे, बाहेर लावलेली ती मोटारसायकल. सगळं माझ्या समोरच होतं.

वॉचमनची बायको दारात तांदूळ निवडत होती. मी महिला शिपाई सोबत नेली होती. आम्ही ओट्यावर बसलो.

"ताई, त्या दिवशी फाटकात भात होतं ना?"

तिचा हात सुपातच थांबला.

"शेठनं बजावलंय, फाटकात काय वाळत घालायचं नाय," ती शेवटी म्हणाली. "गेल्या सालाला बोलले, पुन्हा दिसलं तर खोली खाली करा. आमच्या अंगणात झाडाची सावली. भात वाळंल कसं? शेठ नसलं की घालतो."

"त्या दुपारी तू तिथे होतीस?"

"बसलेली व्हते काठी घेऊन, कोंबड्या हाकीत. तो पोरगा आला. भात बघून गाडी बाहेरच ठेवली. मी बोलले, आन आत, मी सरकवते. तो बोलला, नको मावशी, तुमचं काम मोडंल. नळकांडं खांद्यावर घेऊन कुंपनाच्या कडंकडंनं गेला. एक दाना नाय तुडवला."

"मग?"

"मग तो आवाज सुरू झाला. आई गं, मी कान दाबले. कोंबड्या कौलावर. तेवढ्यात बाहेरून बैल गेले फाटकासमोरून, उधळलेले, आन बाबा मागे फरफटत. मी पानी घेऊन पळाले. गाडी नव्हती साहेब. रस्त्यावर काय नव्हतं. गाडी भातावरून जानार कशी?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून आमी जावं कुठं?" ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली. "तुमची बदली हुईल. आमाला हितंच रहायचंय."

मी तिला वचन देऊ शकत नव्हतो. पोलिसाने देऊ नये ती वचनं मी आयुष्यात दिली नाहीत. फक्त अर्जाचं सांगितलं. मोटारसायकल बाहेर का लावली, हे त्या पोराला पुन्हा पुन्हा विचारलं, तरी त्याने भाताचं नाव काढलं नाही, हेही सांगितलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. "माझ्यामुळं गप बसला व्हय तो?" म्हणाली. मग पदराला हात पुसले. "लिवा साहेब. माझा अंगठा न्हाय, सही येते मला."

तिथून रुग्णालयात. म्हातारा पायाला वजन लावून पडला होता. पुतण्या उशाशी. माझी खरी भीती इथे होती. गाडी अंगावर आली असेल, तर अपघाताचा दावा लागणार, म्हाताऱ्याला काही भरपाई मिळणार. गाडी आलीच नसेल, तर काही नाही. पाड्याने ओसरीवर बसून एकच जबाब ठरवला, तो कुणाचं वाईट करायला नव्हे. मुंबईच्या पैसेवाल्यासमोर आपला म्हातारा एकटा पडू नये, म्हणून सगळ्यांनी पाहिलं असं ठरलं. फक्त तो जबाब शेठवर न पडता ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या वेल्डर पोरावर पडला. ते कळल्यावर मागे हटायचं कुणी आणि कसं, हे कुणालाच सुचलं नाही. त्या पोरासाठी ठाण्यात यायला पाड्यावरचं कुणी निघालं नाही, हेही तितकंच खरं.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, गाडी पाहिली का तुम्ही?"

पुतण्या मध्ये पडला, "काका, सांगा ना, लाल गाडी..."

"तू गप रे," म्हातारा म्हणाला. "तू व्हतास तिथं? तू तं बांधावर बिडी वढत व्हतास." मग माझ्याकडे वळला. "इतकं दीस कोन इचारलंच नाय मला. सगळं यालाच इचारतात. गाडी नाय बघितली मी. आवाज आला कुंपनामागून, आन बैल सुटले. माझा बैल भितरा. पोळ्याला ताशाला पन भ्यायचा. कासरा हाताला गुंडाळू नको, बायको बोलायची. नाय ऐकला."

मी त्याला वेल्डरचं आणि त्याच्या अर्जाचं सांगितलं.

"काका, दावा जाईल," पुतण्या हळूच म्हणाला.

"जाऊ दे. तो पोरगा कोन? त्याचा बा माझ्या भाताला यायचा लावणीला." छताकडे बघत म्हणाला, "त्याला लागल का नोकरी?"

मी म्हणालो, "बघू."

पाड्यावर पुन्हा गेलो. या वेळी ओसरी टाळली. प्रत्येकाला त्याच्या बांधावर उभं केलं आणि विचारलं, इथून रस्ता दाखव. पाचपैकी चौघांना तिथून रस्ता दिसतच नव्हता. मध्ये फार्महाऊसची भिंत आणि साग. चौघांनीही मान खाली घालून सांगितलं, आवाज ऐकला, गाडी पाहिली नाही. पाचवा म्हणाला, "चौघं बोलतात तेच माझं." त्याचंही लिहून घेतलं.

गैरसमजुतीतून नोंदलेला गुन्हा म्हणून 'क' समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल पाठवला. साहेबांनी वाचला आणि सही केली. वेल्डरला मी एकटं विचारलं, भाताचं का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तिची खोली गेली असती, साहेब. माझी नोकरी तं अजून लागलीच नव्हती."

शेठ त्या रविवारी आले. मी त्यांना म्हणालो, कायद्याने तुमच्यावर माझ्याकडे फारसं काही नाही, पण तुम्ही मुंबईत बसून अजून दाब म्हणालात, तेव्हा फाटकाबाहेर एक म्हातारा चालला होता. शेडमध्ये असेपर्यंत गाडीला जुना सायलेन्सर लावायचं त्यांनी कबूल केलं आणि दवाखान्याचं सगळं उचललं. एक बैलही घेऊन दिला. म्हाताऱ्याची तक्रार अशी, की तो उजवीकडे जुंपला तर चालतच नाही, शेठनं निवडलेला बैल असाच असणार. फाटकातल्या भाताचं मात्र मला काही बोलावं लागलं नाही. पुढच्या साली मी तिकडून गेलो, तेव्हा दगड मांडलेले होते आणि शेठची रस्त्यावरची गाडी फाटकाबाहेर उभी होती.

या प्रकरणानंतर मी जबाब घ्यायची पद्धत बदलली. काय पाहिलंस, हे शेवटी विचारायचो. आधी विचारायचो, कुठे उभा होतास, आणि त्याला तिथे नेऊन उभं करायचो. ऐकलेलं सांगता सांगता माणसाला पाहिलेलं वाटू लागतं, त्यात त्याचा कपटीपणा असतोच असं नाही. आणि गप्प बसलेला प्रत्येक जण स्वतःलाच वाचवत असतो असंही नाही, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर त्या वेल्डरने शिकवलं. त्याला मी खोटारडा समजत होतो, याची लाज अजून वाटते.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी पेपरवेटखालचा अर्ज काढला. रकाना भरला. "प्रतिकूल काही नाही." अक्षर माझं कधीच चांगलं नव्हतं. ते तीन शब्द मी सवयीने तीनदा वाचले, आणि मग सही केली.